माहुलीचे सुळके पाहायला जाताना

मंडळी, भिवंडीहून पडघ्याच्या रस्त्याने शहापूरकडे निघालात, की आसनगावच्या सुमारास डाव्या हाताला माहुलीचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर करवतीच्या दात्यांसारखे काळे सुळके उभे आहेत. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे दिली. म्हणजे डोंगरावर कायमचे लग्नच लागले आहे म्हणा ना!

हे सुळके झाले कसे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळून तप्त लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. थर निवताना आकसले व त्यांना उभ्या चिरा पडल्या. तळ्याचा गाळ उन्हात तडकतो ना, तसे. मग पावसाचे पाणी चिरांत शिरत गेले, कपचे निखळत गेले. जो भाग टिकला, तो सुळका.

हे निखळणे अजून थांबलेले नाही, बरं का. म्हणून गुरुजींनी मुलांची पंगत कड्याखाली मांडू नये. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकते. तिथे धूर, दगडफेक, आरडाओरडा नको.

जायचे ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात खडक निसरडा, उन्हाळ्यात घशाला कोरड. आगगाडीने जाणाऱ्यांनी कल्याण गाठून कसाऱ्याची लोकल धरावी आणि आसनगावला उतरावे. तिथून पायथ्याचे माहुली गाव सुमारे ५ किलोमीटर. रान तानसा अभयारण्यातले आहे. वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी, जाळ करू नये.

गडाची उंची सुमारे २,८०० फूट. चढायला तीन तास धरा, माथ्याजवळ शिडी आहे. माणशी तीन लिटर पाणी हवेच. एकदा आमच्याबरोबरच्या मुलांनी पहिल्याच टेपाडावर बाटल्या रिकाम्या केल्या. शिडी समोर दिसत होती, तरी आम्ही मागे फिरलो. मुले दिवसभर फुरंगटून होती, पण घरी सगळी धड पोचली. तेव्हापासून आम्ही अर्धे पाणी उतरणीसाठी वेगळे बांधून ठेवतो, आणि दुपारी बाराला जिथे असू तिथून परत फिरतो. उतरताना पाय थकलेले असतात, आणि रानात अंधार लवकर पडतो.

माथ्यावर पोचलात, तर मुलांना इतिहासही सांगा. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसासह याच गडाचा आश्रय घेतला होता. मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला, आणि अखेर राजांना तह करावा लागला.

ज्यांना चढ झेपत नाही, त्यांना घरी ठेवू नका. पायथ्याला माहुलेश्वराचे देऊळ आहे, सावली आहे. त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि डोंगराची रेघ काढायला सांगा. वर गेलेली मुले उतरली, की त्यांनी त्या चित्रात आपली वाट दाखवावी.