टर्बोची ‘फुस्स’ : हवा बाहेर सोडावी की परत फिरवावी?

सोलापूर : चादरी आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीचे मोटार उद्योगाशीही नाते आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचे कारखाने येथे आहेत. येथील कॅमशाफ्ट देश-विदेशातील मोटारींच्या इंजिनांत बसविले जातात. इंजिनातील व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडणे, हे कॅमशाफ्टचे काम. टर्बो असलेल्या पेट्रोल मोटारीत मात्र कॅमशाफ्टच्या हुकमाबाहेरचा आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तो म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. गिअर बदलताना ‘फुस्स’ असा आवाज यावा, म्हणून अनेक हौशी मोटारमालक कंपनीने बसविलेला व्हॉल्व्ह काढून दुसरा बसवून घेतात. या आवाजाची किंमत काय, हे आधी समजून घेतलेले बरे.

हवा अडते कोठे?

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चाके असतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू त्यातील टर्बाइन फिरवितात आणि दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे लोटतो. या चाकांचा वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांहून अधिक असू शकतो. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच थ्रॉटलची झडप मिटते; परंतु कॉम्प्रेसर त्याच क्षणी थांबत नाही. वाट बंद झालेली हवा उलटी फिरून कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते. त्यामुळे टर्बोचा वेग मंदावतो आणि बेअरिंगवर ताण येतो. हे टाळण्यासाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असतो. थ्रॉटल मिटल्यावर इंजिनाच्या बाजूला निर्वात स्थिती निर्माण होते. तिच्या ओढीने हा व्हॉल्व्ह उघडतो आणि कोंडलेली हवा मोकळी होते. अलीकडच्या अनेक मोटारींत हे काम विजेवर चालणारा व्हॉल्व्ह करतो. डिझेल इंजिनाची ताकद थ्रॉटल मिटवून कमी केली जात नाही. त्यामुळे त्यात सहसा या व्हॉल्व्हची गरजच भासत नाही.

मोजलेल्या हवेचा हिशेब

मोकळी झालेली हवा जाणार कोठे, हा खरा प्रश्न. एक मार्ग ती थेट वातावरणात सोडण्याचा. आवाज येतो तो यामुळेच. दुसरा मार्ग ती नळीवाटे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत नेण्याचा. मोटारनिर्माते बहुधा दुसरा मार्ग पत्करतात.

त्याचे कारण इंधनाच्या हिशेबात आहे. अनेक मोटारींत एअर फिल्टरनंतर लगेच आत येणारी हवा मोजणारा ‘मास एअर फ्लो’ सेन्सर असतो. त्याच्या मोजमापावर इंजिनाचा संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. मोजून झालेली हवा मध्येच बाहेर सोडली, तर संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, अशी स्थिती क्षणभर निर्माण होते. परिणामी गिअर बदलताना मोटार अडखळते, काळा धूर येतो आणि सिग्नलजवळ वेग कमी करताना इंजिन बंदही पडू शकते. असे वारंवार घडल्यास न जळलेले पेट्रोल महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी करते. हवा परत फिरविली, तर ती मोजलेल्या हवेतच राहते आणि हिशेब चुकत नाही.

काही मोटारींत सेन्सर हवेचा प्रवाह मोजत नाही. तो थ्रॉटलच्या पुढील दाब मोजतो. त्याला ‘मॅप’ सेन्सर म्हणतात. अशा मोटारीत हवा बाहेर सोडल्याने इंधनाचा हिशेब फारसा बिघडत नाही. मात्र ताकदही वाढत नाही. वाढतो तो केवळ आवाज.

धूळ आणि कायदा

हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग सैल असल्यास इंजिन नुसते सुरू असतानाही तो किंचित उघडा राहतो. अशा वेळी फिल्टर न झालेली हवा त्यातून आत ओढली जाऊ शकते. सोलापूरच्या धुळीत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संदर्भात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांची मान्यताही मोटारीच्या मूळ रचनेलाच मिळालेली असते. बदल केलेल्या मोटारीची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

जुन्या मोटारीत पडदा फाटून व्हॉल्व्ह गळू लागला, तर टर्बोचा दाब घटतो आणि ओढ कमी जाणवते. तेव्हा व्हॉल्व्ह बदलणे आवश्यकच असते. मात्र नवा व्हॉल्व्ह हवा परत फिरविणाराच आहे ना, एवढी खात्री गॅरेजमध्ये पैसे मोजण्यापूर्वी करून घ्यावी.