पाळीव कासवाच्या कवचाचे विकार

कासवाचे कवच म्हणजे एक निर्जीव पेटी होय, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः पृष्ठवर्मात पाठीचे मणके व बरगड्या एकजीव झालेल्या असून त्यांवर केराटिनाच्या पट्टांचे आच्छादन असते. कवच हे जिवंत अस्थीच असल्याने पोषणातील उणीव त्यात प्रकट होते.

मूळच्या मिसिसिपी खोऱ्यातील लालकानी कासवाचे उदाहरण घेऊ. टाकीतील पिल्लाचे कवच मऊ पडते, ते बहुधा कॅल्शियम व ‘ड-३’ जीवनसत्त्व यांच्या अभावी. हे जीवनसत्त्व त्वचेत निर्माण होण्यास सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण लागतात. खिडकीची काच नेमके तेच अडविते. टाकी उजेडात असूनही कासव त्यांस वंचित राहते. मग रक्तातील कॅल्शियमची तूट परावटू ग्रंथींच्या प्रेरणेने अस्थींतून भरून काढली जाते व कवच दुबळे होते.

दुसरा विकार कवचकुजीचा. अस्वच्छ पाण्यात ओरखड्यांवाटे जंतू शिरतात. खळगे व दुर्गंधी ही त्याची लक्षणे होत. पातळ पट्ट सुटणे मात्र वाढीचे स्वाभाविक लक्षण असून ते ओढून काढू नयेत.

यास्तव पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस व गाळलेले असावे. पूर्ण कोरडे होता येईल असा ओटा, त्यावर सुमारे ३२ अंश ऊब व जंबुपार दिवा असावा. कवचास तेल वा रंग लावू नये. मऊपणा किंवा दुर्गंधी आढळताच पशुवैद्यास दाखवावे. कवचाची चिकित्सा टाकीपासूनच सुरू होते.