रांगा संपल्यानंतरचं मतदान

२१ सप्टेंबर २०२४ रोजी श्रीलंकेच्या मतदारांच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर ३९ नावं होती. त्यातला एक उमेदवार प्रचाराच्या काळातच वारला होता, पण त्याचं नाव पत्रिकेवर राहिलं. एवढ्या लांबलचक पत्रिकेवर लोकांची नजर मात्र तीनच चिन्हांवर होती. अनुरा कुमार दिसानायके यांचं होकायंत्र, विरोधी पक्षनेते सजित प्रेमदासा यांचा टेलिफोन आणि सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे यांचा गॅस सिलिंडर. रनिल अपक्ष उभे होते, आणि वाट्याला आलेलं हे चिन्हच त्यांच्या प्रचाराचं सार होऊन बसलं. दोन वर्षांपूर्वी याच सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र रस्त्यावर बसले होते, आता तो दुकानात मिळतो, एवढं सांगितलं की भाषण पुरं.

२०२२ ची ती रांग समजल्याशिवाय २०२४ चं मत समजत नाही. साडेबारा किलोचा घरगुती सिलिंडर २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत दीड हजार श्रीलंकी रुपयांच्या आत येत होता. एप्रिल २०२२ च्या अखेरीस त्याची किंमत ४,८६० झाली, आणि त्या किमतीलाही तो मिळेना. मार्चमध्ये वीज दिवसाला तेरा तासांपर्यंत जाऊ लागली. कागद आणायला परकीय चलन नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. मेच्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की वापरता येईल अशी परकीय गंगाजळी पाच कोटी डॉलरपेक्षाही कमी आहे. दोन कोटींहून अधिक लोकांचा देश, आणि तिजोरीत तेलाच्या काही जहाजांपुरतेही डॉलर नाहीत. डॉलरला २०० च्या आसपास असलेला रुपया काही आठवड्यांत ३६० पर्यंत घसरला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि गोटाबाया राजपक्षे आधी मालदीवला, मग सिंगापूरला गेले.

त्यांच्या जागी रनिल आले ते संसदेच्या मतांनी. २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला देशभरात मिळून एकच जागा मिळाली होती, तीही राष्ट्रीय यादीतून, आणि त्या जागेवरून ते संसदेत आले होते. २० जुलै २०२२ ला १३४ खासदारांनी त्यांना निवडलं. त्यातले बहुतेक राजपक्षेंच्याच पक्षाचे. त्याच दिवशी अनुरा कुमारांना मिळाली होती तीन मतं.

रनिल यांच्या कामाला श्रेय द्यायलाच हवं. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे ३०० कोटी डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ६९.८ टक्क्यांवर आणि अन्नधान्याची ९५ टक्क्यांच्या जवळ गेली होती. मतदानाच्या आदल्या महिन्यात तीच महागाई ०.५ टक्क्यावर होती. पेट्रोलची रांग गेली, औषधं आली, पर्यटक परतले. मतदानाला दोन दिवस उरले असताना परदेशी रोखेधारकांशी साडेबारा अब्ज डॉलरच्या कर्जाबाबत तत्त्वतः समझोताही झाला. अर्थशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत हे प्रगतिपुस्तक पहिल्या वर्गाचं ठरलं असतं. मतं पडली १७.२७ टक्के.

या निकालाकडे बाहेरून पाहणाऱ्या अनेकांनी लोकांना कडू औषध नको असतं, असा अर्थ लावला. मला तो साफ चुकीचा वाटतो. श्रीलंकेच्या मतदाराने औषध घेतलं होतं, दोन वर्षं घेतलं होतं. त्याचा प्रश्न पुढचा होता. खड्डा कुणी खणला आणि तो बुजवायला पैसे कुणाच्या खिशातून गेले?

खड्ड्याची सुरुवात, गंमत म्हणजे, एका लोकप्रिय आश्वासनात होती. २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया यांनी करकपातीचं वचन दिलं आणि निवडून येताच ते पाळलं. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्के झाला. या कराच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाखांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर गेली, म्हणजे हजारो व्यवसाय एका फटक्यात कराच्या जाळ्याबाहेर. नोकरदारांच्या पगारातून होणारी करकपातही बंद झाली. तेव्हा ५२ टक्के मतदारांनी त्यांना निवडलं होतं आणि त्यात फसवणूक वाटण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही. २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन आधीच हादरलं होतं, पाठोपाठ कोविड आला. देशाचं करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास आलं, पतमानांकन घसरलं आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेनासं झालं. २०१९ च्या मतदाराला करातली सूट दिसत होती. ती तीन वर्षांनी सिलिंडरच्या रांगेत वसूल होणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की गोटाबाया आणि त्यांचे बंधू महिंदा व बासिल राजपक्षे यांच्यासह सत्तेतल्या आणि मध्यवर्ती बँकेतल्या बड्या लोकांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. आर्थिक धोरणासाठी राज्यकर्त्यांना न्यायालयाने असं जबाबदार धरणं जगात क्वचितच घडतं. पण शिक्षा म्हणून हाती काय आलं? अर्जदारांना खटल्याचा खर्च द्यावा, एवढंच. सामान्य माणसाने मात्र आपला वाटा चुकवला होता. मूल्यवर्धित कर आठवरून बारा, मग पंधरा आणि १ जानेवारी २०२४ पासून अठरा टक्के झाला. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी वाढले. देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली तेव्हा बँकांकडचे रोखे वगळले गेले आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या रोख्यांवरचं व्याज घटलं. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास असलेली गरिबी २०२३ मध्ये २६ टक्क्यांच्या जवळ पोचली. महागाईचा दर शून्याजवळ आला याचा अर्थ भाव उतरले असा होत नाही. ते वाढायचे थांबले, वरच्या पायरीवर. पगार खालच्या पायरीवरच होते. बाजारात जाणाऱ्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

अनुराधापूर आणि पोलोन्नरुवा हे भातशेतीचे जिल्हे. तिथल्या शेतकऱ्याचा हिशेब खतापासून सुरू होतो. एप्रिल २०२१ मध्ये गोटाबाया सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी जाहीर केली आणि देशाला एका हंगामात सेंद्रिय व्हायला सांगितलं. चीनमधून सेंद्रिय खताचं जहाज आलं, त्यात घातक जिवाणू सापडल्याने माल नाकारला गेला, तरी साठ लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली तोवर मुख्य हंगामाची पेरणी होऊन गेली होती. पीक पडलं, तांदूळ आयात करावा लागला. ज्या शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये राजपक्षेंना भरभरून मतं दिली होती, त्यांनीच या वेळी होकायंत्र निवडलं. अनुरा कुमार स्वतः याच भागातल्या तंबुत्तेगमचे, मजुराच्या घरातले. त्याचा परिणाम झालाच. पण १९७१ आणि १९८७-८९ च्या रक्तरंजित बंडांचा इतिहास असलेल्या जनता विमुक्ती पेरामुनाच्या नेत्याकडे शेतकरी केवळ आपुलकीने वळला असता, तर २०१९ मध्येही वळला असता. तेव्हा त्यांना ३.१६ टक्के मतं होती.

पगारदार वर्गाचं गणित वेगळं. जानेवारी २०२३ पासून महिना एक लाखाच्या वरच्या उत्पन्नावर सहा ते छत्तीस टक्के प्राप्तिकर लागला. डॉक्टर, प्राध्यापक, बँक कर्मचारी रस्त्यावर उतरले. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोकांनी परदेशी नोकरीसाठी नाव नोंदवून प्रस्थान केलं. परदेशातून मत देण्याची सोय श्रीलंकेत नाही, त्यामुळे मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून घरी यायचं. अनुरा कुमारांनी करमुक्त मर्यादा दोन लाखांवर नेण्याचं आणि अन्न, औषध, शिक्षणावरचा मूल्यवर्धित कर काढण्याचं आश्वासन दिलं. रनिल सरकारने ऑगस्टमध्ये सरकारी नोकरांसाठी २०२५ पासून पगारवाढ जाहीर केली. तरी त्याच नोकरांची टपाली मतं मोजली गेली तेव्हा होकायंत्र खूप पुढे होतं. हातात येणाऱ्या वाढीपेक्षा देणाऱ्याचा इतिहास त्यांनी वजनदार मानला.

चहाच्या मळ्यांत मात्र वजनं निराळी होती. तिथला तमिळ कामगार ब्रिटिशांच्या काळात इथे आणला गेला आणि आजही लाईनीतल्या खोल्यांत राहतो. त्याची रोजी २०२१ पासून एक हजार रुपये होती. रुपया निम्म्याच्या जवळ आला तरी तीच राहिली. १ मे २०२४ ला रनिल यांनी कोटगलाच्या सभेत ती १,७०० करण्याची घोषणा केली. मळेमालक न्यायालयात गेले, जुलैमध्ये स्थगिती आली, आणि मतदानाच्या तोंडावर वेतन मंडळाने १,३५० चा आकडा पुढे ठेवला. नुवारा एलिया जिल्ह्यात सजित पहिले आले, रनिल दुसरे. होकायंत्र तिसरं. जाफना आणि पूर्वेकडेही सजितच पुढे होते. तिथे भाकरीच्या हिशेबाबरोबर यादवी युद्धाच्या जखमा आणि सत्तेच्या वाटपाचा प्रश्न तोलला जात होता, आणि जाफनात तमिळ उमेदवार अरियनेत्रन त्यांच्या अगदी मागे होते.

या हिशेबाचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. श्रीलंका कांद्यासाठी भारतावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. भारताने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावचा शेतकरी पडलेल्या भावाने आणि कोलंबोचं स्वयंपाकघर चढलेल्या भावाने पोळलं. एप्रिलमध्ये ज्या सहा देशांना मर्यादित निर्यातीची मुभा मिळाली त्यांत श्रीलंका होती. मे २०२४ मध्ये दिंडोरीच्या लोकसभा मतदारसंघात कांद्याच्या रोषाने मतदान कसं फिरवलं ते आपण पाहिलं आहे. बंदी उठल्यावर तिच्या जागी आलेलं निर्यातशुल्क चाळीसवरून वीस टक्के झालं १३ सप्टेंबरला, श्रीलंकेच्या मतदानाच्या आठ दिवस आधी.

धोरणांत फरक किती होता? फारसा नव्हता, आणि मला हीच या निवडणुकीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. नाणेनिधीचा कार्यक्रम फाडून टाकू, असं तिघांपैकी कुणीच म्हणत नव्हतं. सजित आणि अनुरा कुमार दोघेही फेरवाटाघाटींची भाषा करत होते. रनिल म्हणत होते की हात लावलात तर डोलारा कोसळेल. मार्ग जवळपास एकच असेल तर मतदार विचारणार, की त्या मार्गावर कुणाच्या हाती पैसा द्यायचा. रनिल यांच्यामागे राजपक्षेंचे खासदार होते. शिवाय मार्च २०२३ च्या स्थानिक निवडणुका ‘पैसे नाहीत’ या कारणाने लांबल्या होत्या, आणि त्यासाठी मतदानाच्या महिनाभर आधीच सर्वोच्च न्यायालयाने रनिल यांना मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल दोषी ठरवलं. रांग संपवणाऱ्याने मतपेटीची रांगही थांबवली होती, हे लोक विसरले नाहीत. राजपक्षे घराण्याच्या नमल यांना २.५७ टक्के मतं पडली. त्यांच्या हंबनटोटा जिल्ह्यातही होकायंत्रच जिंकलं.

पहिल्या फेरीत अनुरा कुमारांना ४२.३१ टक्के आणि सजित यांना ३२.७६ टक्के मतं होती. निम्मी कुणालाच नाहीत, म्हणून देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि तीनंतर अनुरा कुमार राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. बाद झालेल्या उमेदवारांना ३३ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं. त्यांपैकी या दोघांपैकी कुणाला तरी पुढची पसंती नोंदवणारे निघाले जेमतेम पावणेतीन लाख. बाकीच्या तीस लाखांनी आपला माणूस हरला तर दुसरा कोण, हे सांगण्याचा हक्क वापरलाच नाही, किंवा वापरला तो या दोघांसाठी नाही. १९७८ च्या राज्यघटनेपासून असलेली ही सोय लोकांना सवयीची झालेली नव्हती. मला याची हळहळ वाटते. सिलिंडरवाल्या तेवीस लाखांचं दुसरं मत नोंदलं गेलं असतं, तर देशाला त्यांच्या मनाचा अधिक खरा नकाशा मिळाला असता.

नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत अनुरा कुमारांच्या नॅशनल पीपल्स पॉवर या आघाडीला ६१.५६ टक्के मतं आणि २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. जेमतेम आठ आठवड्यांपूर्वी त्यांना नाकारणारे जाफना आणि नुवारा एलियाही या वेळी त्यांच्या बाजूला आले. नाणेनिधीचा कार्यक्रम चालू राहिला. डिसेंबरमध्ये रोख्यांची अदलाबदल पार पडली, रनिल यांच्या काळात ठरलेल्या चौकटीतच. करमुक्त मर्यादा एप्रिल २०२५ पासून वाढली. आश्वासन दोन लाखांचं होतं, मिळाले दीड लाख. मग ६ मे २०२५ ला, दोन वर्षं लांबलेल्या त्या स्थानिक निवडणुका अखेर झाल्या. नॅशनल पीपल्स पॉवर पहिल्या क्रमांकावर राहिली, ४३ टक्क्यांवर. सहा महिन्यांत मतांचा वाटा अठरा टक्केबिंदूंनी कमी झाला होता.