देह मोठा, बजेट मर्यादित : विमानात जागा कशी मिळवाल?

इकॉनॉमीतली सीट साधारण १७ ते १८ इंच रुंद असते. त्यात न मावणाऱ्या प्रवाशासाठी बिझनेस क्लासपेक्षा स्वस्त पर्याय आहेत.

• कॅनडा : 'एक व्यक्ती, एक भाडं'. स्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्या प्रवाशाकडून एअर कॅनडा आणि वेस्टजेटनं देशांतर्गत प्रवासात जादा सीटचे पैसे घेऊ नयेत, असा आदेश तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं २००८मध्ये दिला. वैद्यकीय कागदपत्रं आधी द्यावी लागतात.

• अलास्का एअरलाइन्स : दुसरी सीट आधी विकत घ्यायची. प्रत्येक टप्प्यात एक तरी सीट रिकामी राहिली, तर परतावा मागता येतो. म्हणून कमी गर्दीची वेळ निवडा.

• एअर फ्रान्स : इकॉनॉमीतल्या दुसऱ्या सीटच्या मूळ भाड्यात २५ टक्के सवलत.

• सीट निवडताना : पहिली रांग शक्यतो टाळा. तिथे जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही. मार्गिकेकडच्या दांड्याच्या खाली, मागच्या बाजूला बहुधा कळ असते. ती दाबली की तो उचलता येतो.

• पट्टा : सीटबेल्ट अपुरा पडला, तर त्याची लांबी वाढवणारा जोडपट्टा कर्मचाऱ्यांकडून मोफत मिळतो. विमानात शिरतानाच मागून घ्या. तो हक्कानं मागावा, संकोच नको.