दगड कोणी वाहिले?

देऊळ कोणी बांधले असे विचारले, की आपण राजाचे नाव सांगतो. कामगारांच्या संघटनेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला लगेच दुसरा प्रश्न सुचतो : दगड कोणी वाहिले? पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर एक देवस्थान असे आहे, की तेथे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही लोकांनी जपले आहे.

त्याचे नाव पुउकोहोला, म्हणजे देवमाशाची टेकडी. तेथे कळस नाही, गाभारा नाही. उघड्यावर रचलेला दगडी चौथरा आहे. पूर्वी त्यावर लाकडी मूर्ती आणि गवताने शाकारलेल्या खोपी असत. 1790 साली कामेहामेहा हा सरदार बेटांच्या सत्तेसाठी झगडत होता. या टेकडीवर युद्धदेव कू याचे मंदिर बांधशील, तर सारी बेटे तुझी होतील, असे कापोउकाही या द्रष्ट्याने सांगितले. हजारो माणसे कामाला लागली. सुमारे 20 मैलांवरच्या पोलोलू खोऱ्यापासून माणसांची रांग उभी राहिली आणि ज्वालामुखीचे दगड हातोहात टेकडीवर आले, अशी परंपरागत हकीकत आहे. स्वतः कामेहामेहानेही दगड उचलले. वर्षभरात 224 फूट लांब व 100 फूट रुंद बांधकाम पुरे झाले. चुना नाही, माती नाही. गडगा रचावा तसा दगडात दगड बसवलेला.

परंतु अर्धीच गोष्ट सांगणे बरे नव्हे. 1791 मध्ये कामेहामेहाने आपला चुलतभाऊ आणि प्रतिस्पर्धी केओउआ याला येथे बोलावले. किनाऱ्यावर उतरताच तो मारला गेला आणि त्याचा देह देवाला बळी म्हणून वाहिला गेला. 1810 पर्यंत सारी बेटे एका राज्याखाली आली. 1819 मध्ये कामेहामेहा वारला, आणि त्याच वर्षी त्याच्या मुलाने जुने धर्मनिर्बंध मोडले. पूजा थांबली, लाकूडकाम गेले, दगड राहिले.

1972 साली अमेरिकेच्या सरकारने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. 1991 मध्ये, दोनशे वर्षांनी, दोन्ही पक्षांच्या वंशजांनी येथेच समेटाचा विधी केला. पुढे 15 ऑक्टोबर 2006 च्या भूकंपात भिंती ढासळल्या. सिमेंट ओतून काम उरकता आले असते. तसे केले नाही. जुन्या रीतीने दगड रचणारे कारागीर कामाला लावले, नव्यांना ती विद्या शिकवली आणि मगच भिंती पुन्हा उभ्या केल्या. आज पाहुण्यांना चौथऱ्यावर चढू देत नाहीत. खालूनच पाहावे लागते.

यातून मला एवढेच सांगायचे आहे. कुंपण घालून, पाटी लावून वास्तू टिकत नाही. ती रचणारा हात मेला, तर पहिल्या धक्क्याला नुसता ढिगारा उरतो. म्हणून दगडांबरोबर कसबही राखावे लागते. आणि राजाच्या नावाबरोबर त्या रांगेतल्या माणसांची आणि बळी गेलेल्याची आठवणही राखावी लागते. आपल्या गावचे देऊळ पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा कळसाकडे बघून झाल्यावर जोत्याकडेही बघा. ते कोणी रचले, हे जाणणारे कोणी हयात असेल, तर आजच विचारून घ्या.