शेजारपाजारावरून पत्ता

'@@ -४०,७ +४०,८ @@'. बदल नोंदवणाऱ्या पॅच फायलीतल्या अशा ओळीवरून बहुतेकांची नजर नुसती घसरत जाते. अर्थ मात्र सरळ आहे: जुन्या फायलीत ४०व्या ओळीपासून सात ओळी होत्या, त्यांच्या आता आठ होणार. खाली पाहावं तर वर तीन आणि खाली तीन ओळी जशाच्या तशा, मध्ये वजा चिन्हाची एक, अधिक चिन्हाच्या दोन. हिशेब चोख.

खरी करामत त्या न बदललेल्या सहा ओळींची. समजा, दरम्यान कुणी फायलीच्या सुरुवातीला दोनशे ओळी घातल्या. आता ४०व्या ओळीवर भलताच मजकूर आहे. लॅरी वॉल यांनी १९८५ साली 'पॅच' हा प्रोग्राम लिहिला, तो इथे अडत नाही. क्रमांक त्याच्या लेखी नुसता अंदाज. तिथे जाऊन तो त्या ओळी वर-खाली शोधत राहतो. घर नंबर कुणाला ठाऊक नसलं तरी 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीला लागून' एवढ्यावर पोस्टमन पोचतो ना, तसंच! ग्नू पॅच तर एखादा शेजारी बदलला तरी कडेच्या ओळी सोडून पुन्हा जुळवून पाहतो. तरीही नाहीच जमलं, तर पॅचमधला तेवढा तुकडा '.रेज' फायलीत बाजूला पडतो आणि बाकीचे लागतात.

लिनस टॉरवाल्ड्स यांचं २००५ सालचं, फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट याबाबतीत कडक शिस्तीचं. 'गिट अप्लाय'ला ओळी सरकलेल्या चालतात, शेजारी बदललेले चालत नाहीत. आणि दहा फायलींतला एक तुकडा बसला नाही, तर दहांपैकी एकाही फायलीला ते हात लावत नाही. मला ही शिस्त आवडते. अर्धवट लागलेला पॅच निस्तरणं फार जिकिरीचं.

पण गिटमध्ये एकच फाइल एका वेळी तीन रूपांत असू शकते: शेवटच्या कमिटमधली, इंडेक्समध्ये स्टेज केलेली, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेली, आणि डिस्कवरची. मग पॅच लावायचा कुठे? काही सांगितलं नाही, तर फक्त डिस्कवर. 'इंडेक्स' हा पर्याय दिला, तर डिस्क आणि इंडेक्स दोन्हीकडे. मात्र आधी दोन्ही मजकूर तंतोतंत सारखे आहेत ना, हे तपासून. नसतील तर साफ नकार. आणि 'कॅश्ड' म्हटलं, तर डिस्कवरचं अक्षरही हलत नाही. बदल होतो तो तुमच्या कुठल्याच फोल्डरात न दिसणाऱ्या मजकुरात! इंडेक्सकडे मजकूर नसतोच मुळी. असतो फाइलचा मार्ग आणि मजकुराचा हॅश. गिट त्या हॅशवरून कोठारातला मजकूर काढतं, पॅच लावतं, नवा मजकूर कोठारात ठेवतं आणि इंडेक्समध्ये नवा हॅश लिहितं. जुना तिथेच, जसाच्या तसा.

'गिट ॲड -पी' एकेक तुकडा दाखवून 'हा स्टेज करू का?' असं विचारतं, तेव्हा पडद्यामागे हेच चाललेलं असतं. पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला हो म्हणा. दुसरा वगळल्याने तिसऱ्याचे चुकलेले ओळ क्रमांक गिट स्वतःच दुरुस्त करून घेतं. 'ई' दाबलंत तर तुकडा एडिटरमध्ये उघडतो, आणि डिस्कवर कधीही नसलेला मजकूर तुम्ही स्टेज करू शकता. तो कमिटही होतो. म्हणजे एकदाही न चालवलेला प्रोग्राम इतिहासात जमा! म्हणूनच 'गिट स्टॅश'ला 'कीप-इंडेक्स' हा पर्याय आहे: स्टेज न केलेले बदल तात्पुरते बाजूला जातात, आणि जे कमिट होणार आहे नेमकं तेवढंच डिस्कवर उतरवून आधी चालवून पाहता येतं.