छप्पर नसलेले संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटले की जाड भिंती, मंद प्रकाश, काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' अशी पाटी डोळ्यांसमोर येते. ऊन, दमट हवा आणि माणसांचे हात यांपासून वस्तू वाचाव्यात म्हणून ही सारी व्यवस्था असते. पण एखादी अख्खी गल्लीच संग्रहालय म्हणून जाहीर केली तर? तिथे ऊन, पाऊस, वारा यांना कोण अडवणार? मग तिथले रंग टिकतात तरी कसे?

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेस. तिच्या ला बोका या जुन्या बंदराच्या भागात अशी गल्ली आहे. नाव 'कामिनीतो', म्हणजे छोटी वाट. लांबी जेमतेम 150 मीटर. एके काळी येथून रेल्वेचा फाटा जात असे. तो वापरातून गेल्यावर जागा ओस पडली. याच भागात वाढलेले चित्रकार बेनितो किंकेला मार्तिन (1890–1977) आणि शेजारीपाजारी यांनी 1950च्या दशकात ती साफ केली, भिंती रंगवल्या. 1959मध्ये ती 'रस्ता-संग्रहालय' झाली. भिंतींवर आणि कडेला कलावंतांची शिल्पे आहेत. पण खरे आकर्षण म्हणजे निळी, पिवळी, लाल, हिरवी पत्र्याची घरे.

उरलेल्या रंगाची घरे

एकोणिसाव्या शतकात इटलीतून, विशेषतः जेनोवाहून आलेले अनेक कामकरी येथे राहिले. त्यांनी लाकडी सांगाड्यावर पन्हाळी पत्रे ठोकून घरे उभारली. जहाजे रंगवून उरलेला रंग ते घरी आणत, असे तेथे सांगतात. एका डब्यात सगळे घर होत नसे. म्हणून एक भिंत निळी, दुसरी पिवळी, खिडकी तिसऱ्याच रंगाची!

हा रंग केवळ शोभेचा नव्हता. पन्हाळी पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते आणि लोखंडाला गंजू देत नाही. मुलामा संपला की मात्र गंज झपाट्याने पसरतो. वर रंगाचा थर असला तर पाणी आणि हवा जस्तापर्यंत पोचायला वेळ लागतो. थोडक्यात, रंग जस्ताला राखतो आणि जस्त लोखंडाला.

रंग उडतो म्हणजे काय?

आम्ही ही गल्ली पाहिली तेव्हा एका जुन्या भिंतीवर बोट फिरवले. बोटाला खडूसारखी पूड लागली. रंगात दोन मुख्य घटक असतात : रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक. उन्हातील अतिनील किरण बंधकाच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतात. मग कण सुटे होतात. तीच ही पूड.

काही रंगद्रव्यांचे स्वतःचे रेणूही मोडतात. अनेक सेंद्रिय लाल आणि गुलाबी रंग असे लवकर विटतात. गेरू मात्र विटत नाही. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि हे संयुग उन्हाला दाद देत नाही.

शेजारीच रंगाचे पोपडे निघालेले दिसले. याचे एक नेहमीचे कारण वेगळे आहे. तेलाचा रंग थेट जस्तावर दिला, तर तेलातील मेदाम्ले आणि जस्ताची संयुगे यांची अभिक्रिया होऊन जस्ताचा साबण तयार होतो. रंगाची पकड सुटते. म्हणून असा पत्रा रंगवताना आधी योग्य अस्तराचा हात द्यावा लागतो.

एका पोपड्याची कड आम्ही निरखून पाहिली. निळ्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा असे थर होते. प्रत्येक थर म्हणजे कोणीतरी पुन्हा केलेले रंगकाम.

दुसरी गल्ली, दुसरा उपाय

ला बोकाला लागूनच बाराकास हा भाग आहे. तेथील लानिन गल्लीत मारिनो सांता मारिया या चित्रकाराने या शतकाच्या सुरुवातीच्या काळात आपल्या आणि शेजाऱ्यांच्या घरांचे दर्शनी भाग रंगवले. पुढे त्यांवर काचेच्या लहान तुकड्यांची नक्षी बसवण्यात आली. काचेचा रंग वरून दिलेला नसतो. कोबाल्टमुळे निळा, तांब्यामुळे हिरवट निळा, असा तो काचेतच मुरलेला असतो. तो उन्हाने सहसा विटत नाही. पण तुकडा निखळला तर नुसते कुंचल्याने भागत नाही.

म्हणजे जपण्याच्या दोन रीती झाल्या. एकीत टिकाऊ पदार्थ निवडायचा. दुसरीत झिजणारा थर पुनःपुन्हा द्यायचा. कामिनीतोमध्ये 1959चा रंग शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. तेथे टिकून राहिली आहे ती रंगवण्याची रीत. रहिवाशांनी आणि पालिकेने हात आखडता घेतला, तर संग्रहालय काही वर्षांतच गंजू लागेल.

वर्गात करून पाहा

गुलाबी, निळा आणि पिवळा घोटीव कागद घ्या. चौथ्या कागदाला गेरू फासा. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका. एक संच उन्हात उघड्यावर, दुसरा खिडकीच्या काचेआड आणि तिसरा कपाटात ठेवा. दर आठवड्याला काळा कागद उचलून दोन्ही अर्धे भाग ताडून पाहा आणि नोंद करा. काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते; तिचा परिणाम दिसतो का?

शाळेच्या इमारतीची पाहणीही करता येईल. ब्वेनोस आइरेस सुमारे 35 अंश दक्षिण अक्षांशावर असल्याने तेथे मध्यान्हीचा सूर्य नेहमी उत्तरेला असतो. महाराष्ट्रात मे ते जुलैमधील काही आठवडे सोडले, तर तो दक्षिणेला असतो. मग आपल्या शाळेची कोणती भिंत जास्त विटली असेल? मुलांना आधी अंदाज लिहू द्या, मग भिंती पाहू द्या. अंदाज चुकला तर झाडाची सावली, पावसाची दिशा आणि शेवटचे रंगकाम कधी झाले, याची चौकशी त्यांनाच करू द्या.